नको तो मेसेज दिसला, हात उठण्याआधी

देवळाली कॅम्प : जोडीदाराच्या मोबाइलमध्ये नको तो मेसेज दिसला की डोकं फिरतं. त्या वेळी काय करावं? जिल्ह्यातच, इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यना शिकवतात. शिबिर दहा दिवसांचं, फी नाही. कांदाकाढणीत दहा दिवस कोण काढणार, पण पहिली पायरी घरीही जमते. नाकातून येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. छातीतली धडधड, कानशिलं तापणं जाणवू द्यायचं, त्यामागे धावायचं नाही. यानं दगा पुसला जात नाही. पण हात आवरतो, मग शांतपणे विचारता येतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं कलम ४९७ रद्द केलं. व्यभिचार आता गुन्हा नाही, घटस्फोटाचं कारण मात्र आहे. मारहाण गुन्हाच. मन आवरेना तर सरकारी टेलिमानसला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.