सूर्याची वीज आणि जमिनीतला कोळसा

वसईच्या खाडीकाठी ज्यांची खारजमीन आहे, त्यांना उघाडी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. खाडीच्या बांधात एक झडप असते. ओहोटीला ती उघडते, शेतातले पाणी बाहेर जाते. भरतीला ती मिटते, खारे पाणी बाहेरच राहते. ही झडप मोडली तर शेतकरी काय करील? नुसता पंप लावून पाणी उपसत बसेल, की आधी झडप दुरुस्त करील? पंप कितीही मोठा आणा, दर भरतीला पाणी आत येणारच.

हवामानबदल रोखण्यासाठी आज जो पैसा खर्च होतो, त्याविषयी हाच प्रश्न विचारायचा आहे. सौरऊर्जा, पवनचक्क्या, विजेवरच्या गाड्या यांवर पैसा घालायचा, आणि कोळसा व तेल मात्र पूर्वीइतकेच, किंबहुना अधिक काढायचे, असे केल्याने भागेल काय?

दूर कशाला, आपल्याच पालघर जिल्ह्यातले डहाणू घ्या. तेथे मुंबईसाठी 500 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. डहाणू म्हणजे चिकूच्या बागांचा मुलूख. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1996 साली न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. पुष्कळ पाठपुराव्यानंतर 2007 मध्ये धुरातला गंधक काढणारी यंत्रणा केंद्रात बसली. हा खर्च वाया गेला असे कोण म्हणेल?

पण गंधक गेला तरी कार्बन राहतोच. कोळसा जळताना त्यातला कार्बन हवेतल्या प्राणवायूशी मिसळतो. म्हणून एक टन कोळशातून सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याचा बराच भाग शतकानुशतके हवेत राहतो आणि पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. आपण सौरऊर्जेवर किती खर्च केला हे हवेला ठाऊक नसते. जळले किती, एवढेच ती मोजते.

आता देशाचा हिशेब पाहा. 2025 च्या जानेवारीत भारताची सौरक्षमता 1 लाख मेगावॉटवर गेली. फार मोठी गोष्ट! पण 2024-25 याच वर्षी देशातले कोळशाचे उत्पादनही प्रथमच 100 कोटी टनांवर गेले. असे का होते? एक तर विजेची मागणी वाढते, आणि नवी वीज जुनीच्या जागी न येता तिच्या जोडीला येते. दुसरे असे, की खाण किंवा वीजकेंद्र एकदा उभे राहिले की घातलेला पैसा वसूल व्हायला पंचवीस-तीस वर्षे लागतात. तोवर ते बंद करायला कोणी धजत नाही. तिसरे, एकाने कोळसा घेणे सोडले आणि खाणीतून तो निघतच राहिला, तर भाव उतरतो आणि दुसरा गिऱ्हाईक पुढे येतो.

ब्रिटनने दोन्ही बाजूंनी काम केले. समुद्रात पवनचक्क्या उभारल्या, 2013 पासून विजेसाठी जाळल्या जाणाऱ्या इंधनातल्या कार्बनवर जादा कर बसवला, आणि 2015 साली कोळशाची केंद्रे बंद करण्याची मुदत जाहीर केली. 30 सप्टेंबर 2024 रोजी तेथले शेवटचे केंद्र बंद झाले. नैसर्गिक वायू ते अजून जाळतात, हेही सांगितले पाहिजे.

तुम्ही म्हणाल, "साहेब, आमच्या पंपाला रात्री वीज कोण देणार? चंद्रपूर-वणीच्या खाणकामगारांनी काय खायचे?" प्रश्न रास्त आहे. सूर्य रात्री मावळतो, म्हणून वीज साठवण्याची सोय आधी हवी. कामगाराला दुसरे काम आधी हवे. शिवाय ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून संपत्ती मिळवली, त्यांनी हात आधी आखडता घेतला पाहिजे. पण हे सारे मान्य करूनही मुदत ठरवावीच लागते. 2015 च्या पॅरिस करारात कोळसा आणि तेल यांचे नावही नव्हते. जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याची भाषा जागतिक परिषदेच्या ठरावात यायला 2023 साल उजाडले.

गुरुजींना एक विनंती. फळ्यावर दोन रकाने आखा. एकात दरवर्षी वाढलेली सौरक्षमता लिहा, दुसऱ्यात त्याच वर्षी खणलेला कोळसा. मुलांना विचारा, दुसरा आकडा कधी उतरू लागेल? वसईची सखल जमीन आणि गोड्या विहिरी ज्यांच्या वाट्याला येणार आहेत, त्यांनीच हा प्रश्न विचारायला हवा.