फोर-बाय-फोर गाडीस मोठे टायर बसवावेत काय ?

मृगाच्या सरी लागल्या म्हणजे महाड व पोलादपूर ह्या दोन तालुक्यांतील डोंगराळ वाड्यांच्या वाटा कशा होतात, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. डांबरी सडक डोंगराच्या पायथ्याशीं संपते. पुढें तांबड्या मुरुमाची चढण, मधून मधून उघडा कातळ, एखाद-दुसरा ओढा, आणि शेवटीं खांचरांच्या कडेनें जाणारी चिखलाची वाट. ह्याच वाटेनें खताच्या गोणी वर न्याव्या लागतात, भात खालीं आणावें लागतें, आणि प्रसंगीं आजारी मनुष्यास दवाखान्यांत पोंचवावें लागतें. म्हणून ज्यांस ऐपत आहे असे कित्येक शेतकरी चारी चाकांस जोर लागणारी गाडी, जिला फोर-बाय-फोर म्हणतात, ती घेऊं लागले आहेत. गाडी दारांत आली कीं दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो : कारखान्यानें दिलेले टायर काढून त्यांच्या जागीं मोठे, जाड नक्षीचे टायर बसवावेत काय ?

आम्ही यंत्रशास्त्री नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून आम्ही निवृत्त झालों. परंतु पंचनाम्यांच्या निमित्तानें ह्या वाटा आम्ही जीपमधून पुष्कळ तुडविल्या आहेत, आणि बेरीज पडताळून पाहिल्याशिवाय कोणत्याहि कागदावर सही करूं नये ही संवय अद्यापि सुटलेली नाहीं. तोच पडताळा येथें वाचकांपुढें ठेवितों.

आकड्यांचा अर्थ

टायराच्या बाजूस २१५/७५ आर १५ अशा तऱ्हेचे आकडे छापलेले असतात. बोलेरो जातीच्या पुष्कळ गाड्यांस हेंच माप असतें. पहिला आकडा टायराची रुंदी मिलिमीटरमध्यें दाखवितो. दुसरा आकडा, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा किती, हें सांगतो. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत. आतां हिशेब करूं. २१५ चे शेंकडा ७५ म्हणजे १६१.२५. ही भिंत रिमच्या वर एकदां व खालीं एकदां येते, म्हणून दुप्पट ३२२.५. पंधरा इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण चाकाची उंची ७०३.५ मिलिमीटर झाली.

दुकानदार म्हणतो, त्याच रिमवर २३५/७५ आर १५ बसवा. त्याची उंची ह्याच रीतीनें ७३३.५ येते. म्हणजे चाक ३० मिलिमीटरनें वाढलें. परंतु गाडीचा आंस चाकाच्या मध्यावर असतो; म्हणून तो उचलला जातो तो निम्म्यानेंच, १५ मिलिमीटर, अर्ध्या इंचाहून किंचित् अधिक. कोणी ३१ इंची टायर बसवितात. त्याची उंची सुमारें ७८७ मिलिमीटर. आंस ४२ मिलिमीटर, म्हणजे दीड इंचाहून थोडा अधिक उचलला जातो. स्प्रिंगांखालीं ठोकळे घालून गाडीची टपरी कितीहि उंच केली, तरी आंसाच्या मध्यें लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा जेथल्या तेथेंच राहतो. तो दगडावर आपटूं नये असें वाटत असेल, तर त्यास उचलणारें साधन टायर हेंच एक आहे. मोठ्या टायराचा खरा फायदा तो हाच, आणि त्याचें माप हें एवढेंच आहे.

मोठें चाक खड्ड्यांत कमी उतरतें व दगडावरून सहज ओलांडतें, ही गोष्ट बैलगाडी हांकणाऱ्यास शिकविणें नको. तो गुण आम्ही नाकारीत नाहीं. परंतु बैलगाडी हांकणाऱ्यास हेंहि ठाऊक असतें कीं, चाक बदललें म्हणजे त्याचा ताण जुंवापर्यंत पोंचतो. मोटारीचेंहि तसेंच आहे.

किंमत कोठें भरावी लागते

इंजिन जेवढें फिरवितें तेवढेंच आंसास मिळतें. चाक मोठें झालें म्हणजे तोच जोर लांब दांड्याच्या टोंकाशीं लावल्यासारखा होतो, व जमिनीवर तो कमी पडतो. २३५ च्या टायरानें ही घट शेंकडा चाराच्या आसपास असते. ३१ इंची टायरानें ती शेंकडा दहाहून अधिक होते. चढणीवर खालचा गिअर टाकून ती भरून काढितां येते. परंतु उतरणीवर काय ? ब्रेकची तबकडी पूर्वीचीच. चाकाचा घेर मात्र वाढला. म्हणून पायानें तेवढाच दाब दिला असतां रोंखण्याचा जोर त्याच प्रमाणांत घटतो. गाडी गिअरमध्यें ठेवून इंजिनानें जी रोंख मिळते, तीहि तितकीच घटते. शिवाय जाड टायर वजनानें दर चाकामागें कांहीं किलो अधिक; फिरतें वजन थांबविणें हें ब्रेकवर निराळें ओझें होय. आंबेनळी किंवा वरंधा घाट भरल्या गाडीनें ज्यानें उतरला आहे, त्यास ह्या हिशेबाचें महत्त्व निराळें पटवावें लागणार नाहीं.

दुसरी गोष्ट स्पीडोमीटरची. ३१ इंची टायरावर कांटा ६० दाखवीत असतां गाडी वस्तुतः ६७ च्या वेगानें चाललेली असते. तेल किती लागतें हें पाहणारासहि चूक होते, कारण १०० किलोमीटर मोजले जातात तेव्हां गाडी ११२ चाललेली असते.

तिसरी गोष्ट जागेची. सरळ उभ्या गाडीत टायर नीट बसलेला दिसतो. परंतु स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडीवर पूर्ण भार घालून पाहिल्याशिवाय तो बसला असें समजूं नये. आमच्या परिचयाच्या एका तरुण शेतकऱ्यानें, ज्याची वाडी पोलादपुराच्या वरच्या अंगास आहे, ३१ इंची टायर बसविले. आम्ही शंका काढली तेव्हां तो हंसून म्हणाला, "भाऊसाहेब, तुम्ही कागदावर गाडी चालवितां, आम्ही रस्त्यावर चालवितों." श्रावणांत त्याच्या आईस रात्रीं दम्याचा झटका आला. गाडींत आई, घरचीं चार माणसें व मागें दोन गोणी. वाडीच्या उतारावरील तिसऱ्या वळणावर, पुढचें उजवें चाक मडगार्डाच्या आंतल्या पत्र्यास घासून अडकलें. स्टिअरिंग अर्धेंच वळलें. त्यानें प्रसंगावधान राखून गाडी दरीकडे न जाऊं देतां डोंगराच्या बाजूच्या गटारांत घातली. कोणास इजा झाली नाहीं. पण आईस तेथून पुढें डोलीनें न्यावें लागलें. दवाखान्यांत ती बरी झाली. ज्या कामासाठीं ते टायर घेतले, त्याच कामीं ते आडवे आले. पुढें त्यानें मूळचें माप परत बसविलें, आणि आम्हांस घरीं येऊन सांगितलें, "कागद खरा होता, भाऊसाहेब."

नक्षी आणि जमीन

आमच्या मतें मापापेक्षां नक्षीचा विचार आधीं करावा. दुकानांत तीन जाती मिळतात. हायवे टेरेन हा सडकेसाठीं. त्याची नक्षी बारीक व उथळ. मड टेरेन हा चिखलासाठीं. त्याचे ठोकळे मोठे व त्यांतील चर खोल. ऑल टेरेन हा दोहोंच्या मधला. आमच्या मुरुमाच्या चढणीवर वरचा दोन-तीन बोटें थर निसरडा होतो, पण खालची जमीन टणक असते. तेथें तो थर कापून खालीं पोंचणारा टायर हवा, वर पसरणारा रुंद टायर नव्हे. मुंबईस महिंद्र कंपनीनें ज्या विलीज जीपांची जुळणी केली, त्यांस ६.००-१६ मापाचे अरुंद टायर असत. त्यांवरहि त्या चिखलांतून निघत, त्याचें एक कारण हेंच. खांचरांतील चिखलास तळ लागत नाहीं. तेथें रुंद टायर तरतो हें खरें, परंतु खांचरांत गाडी घालण्याचें प्रयोजनच काय? बांध फुटतो, चाकोरींत जमीन दबते, आणि लावणीच्या वेळीं तें नुकसान आपल्यालाच भरून काढावें लागतें.

उलट मड टेरेनचे मोठे ठोकळे ओल्या डांबरावर व ओल्या कातळावर कमी रबर टेंकवितात. तेथें गाडी अधिक लांब घसरते. आपली गाडी वर्षांतून किती किलोमीटर चिखलांत चालते व किती घाटाच्या ओल्या डांबरावर, हें प्रत्येकानें मनाशीं मोजावें. बहुतेकांस उत्तर ऑल टेरेन असेंच येईल, आणि तेंहि मूळच्याच मापांत. नक्षीची खोली कायद्यानें किमान १.६ मिलिमीटर पाहिजे. परंतु चिखलाचें काम तेथपर्यंत थांबत नाहीं. नक्षी निम्मी झिजली कीं चर चिखलानें भरतो आणि मोठ्या किंमतीचा टायर गुळगुळीत टायरासारखाच फिरूं लागतो.

हवेचा उपाय

पैसा न खर्चतां टायर मोठा करण्याचा एक उपाय आहे, तो म्हणजे हवा कमी करणें. सडकेवर ३२ पौंड हवा असेल तर चिखलाच्या वाटेपूर्वीं ती २० ते २२ पौंडांवर आणावी. टायराचा जमिनीशीं टेंकणारा भाग लांब होतो व पकड वाढते. मात्र अशा स्थितींत वेग ताशीं २० किलोमीटरच्या आंत ठेवावा, वळण एकदम घेऊं नये, कारण टायर रिमवरून उतरण्याचें भय असतें. भार जास्त असेल तर हवा इतकी कमी करूं नये. डांबरी सडक लागतांच हवा पूर्ववत् भरावी. कमी हवेवर सडकेनें धांवलेला टायर आंतून तापतो व फाटतो. ह्यासाठीं बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप व दाब मोजण्याचें घड्याळ गाडींत असावें. दोहोंची मिळून किंमत एका मोठ्या टायराहून पुष्कळ कमी पडते.

पाण्याविषयीं दोन शब्द

२२ जुलै २०२१ ह्या दिवशीं सावित्रीचें पाणी महाड शहरांत शिरलें, तळिये येथें डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसें दगावलीं, आणि पोलादपूर तालुक्यांतहि दरडी कोसळून प्राणहानि झाली. मोठ्या टायराच्या गाड्या असत्या तर मदत लवकर पोंचती, असे उद्गार तेव्हांपासून आमच्या कानीं पुष्कळदां येतात. त्यांतील कळकळ आम्ही जाणतों. परंतु कोसळलेल्या दरडीवरून टायर चढत नाहीं, आणि वाहत्या पाण्यापुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. टायर हा हवेनें भरलेला फुगा आहे. तो जितका मोठा तितका पाण्यांत गाडीस अधिक उचलतो, आणि उचललेल्या गाडीची पकड सुटते. दोन फूट वाहतें पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊं शकतें. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, तेव्हां दोन एस. टी. गाड्याहि गेल्या, त्यांचीं चाकें लहान नव्हतीं. ओढ्याचा तळ दिसत नसेल तर थांबावें, हाच नियम.

कायदा

मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, नोंदणीच्या दाखल्यांत कारखान्यानें दिलेला जो तपशील आहे त्यास बाध येईल असा बदल मालकानें गाडींत करावयाचा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि जानेवारी २०१९ मध्यें हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अशा बदलास दर बदलामागें पांच हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही सांगितलीं आहेत. अपघात झाल्यास विम्याच्या मागणीवर हरकत निघते ती निराळीच. म्हणून त्याच जातीच्या गाडीस खुद्द कारखान्यानें दिलेलें मापच घ्यावें, आणि शंका असल्यास पेण येथील परिवहन कचेरींत आधीं विचारावें. २०२० सालीं आलेल्या थार गाडीस कारखान्याकडूनच २५५/६५ आर १८ माप मिळतें; त्याची उंची सुमारें ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंचच होते. अशा गाडीच्या मालकानें मापाच्या मागें लागण्याचें कारणच नाहीं. तेथें ब्रेक, गिअर व मडगार्ड त्या मापास धरूनच केलेले असतात. आपण घरीं जोडतों तेव्हां एकटा टायरच वाढवितों.

तात्पर्य

टायर घेतांना पांचहि एका मापाचे व एका नक्षीचे घ्यावेत. पांचवा म्हणजे स्टेपनी. पुढच्या व मागच्या चाकांची उंची भिन्न असेल तर चारी चाकांचा जोर लावतांच आंसांमध्यें ताण पडून गिअर तुटण्याचें भय असतें. टायरावरील भारांक पाहावा. १०० हा आंकडा असेल तर एका टायरास ८०० किलो भार चालतो. मूळच्या टायराहून कमी भारांक घेऊं नये. बसविल्यावर पूर्ण भार घालून, दोहों बाजूंस स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून पाहावें, आणि हें सर्व घराच्या अंगणांत पाहावें, घाटांत नव्हे.

गाडी डोंगर चढते ती इंजिनाच्या जोरावर. पण घरीं सुखरूप परत येते ती ब्रेकच्या व टायराच्या भरंवशावर. टायर निवडतांना चढणीपेक्षां उतरणीचा विचार आधीं करावा, एवढीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.