चौकोनांआडचा लिंकन

‘जुन्या दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्यातला आजोबांचा फोटो भिंतीवर लावण्याइतका मोठा होईल का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. स्टुडिओवाला नाही म्हणाला. त्याचा हिशेब ठरलेला असतो: इंचाला ३०० पिक्सेल. १६०० बाय १२०० पिक्सेलचा फोटो या हिशेबाने जेमतेम सव्वापाच बाय चार इंच भरतो.

पण हे ३०० हातात धरून बघायच्या फोटोसाठी आहेत. अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोनातले ठिपके आपल्या डोळ्याला सुटे दिसत नाहीत. फूटभर अंतरावर तो कोन म्हणजे इंचाचा सुमारे तीनशेवा भाग. भिंतीवरच्या फोटोला नाक लावून कोण बघतं? अंतर चौपट झालं की पाऊणशे पिक्सेलही पुरतात. वीस इंच रुंद प्रिंटमध्ये आजोबांच्या वाट्याला इंचाला ८० येतात. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स जवळ जाऊन बघा, नेत्याच्या मिशीचे नुसते ठिपके दिसतील.

खरी गंमत १९७३ सालची आहे. बेल लॅब्जच्या लिऑन हार्मनने अब्राहम लिंकनचा चेहरा अडीचशेच्या आसपास करड्या चौकोनांत बसवला. जवळून निव्वळ फरशी. डोळे किलकिले करा, चष्मा काढा, की लिंकन हजर! चित्र आणखी धूसर केलं तर ओळख पटते, हे उलटंच झालं. हार्मन आणि बेला युलेश यांनी याचं कारण दाखवलं: चौकोनांच्या धारदार कडा मूळ चेहऱ्यात नसतातच, आणि आहे त्या माहितीलाही त्या झाकून टाकतात. पुढे साल्वादोर दालीने याच लिंकनवरून वीस मीटरवरून ओळखू येणारं चित्र रंगवलं. बोलबाला दालीचा झाला. हार्मनचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

फोटो मोठा करणारी ‘बायक्युबिक’ पद्धत या कडाच घालवते. आजूबाजूच्या सोळा पिक्सेलांचा अंदाज घेऊन ती मधली जागा हलक्या चढउताराने भरते. नवा तपशील मिळत नाही, चौकोन मात्र जातात. फक्त व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत घेऊ नका. जेपेग फार दाबला, की त्यात आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे उमटतात, आणि फोटोबरोबर तेही मोठे होतात.

‘एआयने फोटो एचडी करा’ या जाहिरातींबद्दल मी जरा साशंक आहे. २०२० साली ड्यूक विद्यापीठातल्या अशा एका प्रणालीला बराक ओबामांचा पिक्सेलांत विरलेला फोटो दिला, तर तिने एक गोरा माणूस काढून दिला. तिने शिकलेल्या चेहऱ्यांतून जुळेल असा एक रचला, एवढंच. निसर्गदृश्यात झाडाला चार पानं जास्त आली तर कुणाचं बिघडत नाही. आजोबांसाठी बायक्युबिकच बरी. पूर्ण प्रिंटची ऑर्डर देण्याआधी चेहऱ्याचा तेवढा तुकडा खऱ्या मापात छापून घ्या, भिंतीवर चिकटवा आणि सोफ्यावरून बघा.