उडीची आठवण अंगठ्यात

मोठ्या माणसांनी लहानपणीचे व्हिडिओ गेम पुन्हा खेळायला काढले की त्याला स्मरणरंजन म्हणून आपण मोकळे होतो. बालपण सरलं, आता ते पडद्यावर शोधतायत, विषय संपला. त्रिमितीय प्लॅटफॉर्म गेम म्हणजे मोकळ्या जगात धावत, उड्या मारत, कडे-कपारी गाठत खेळायचे गेम. त्यांची गेल्या तीसेक वर्षांची वाटचाल पाहिली तर हे उत्तर तोकडं वाटतं. त्यांच्यातला दिलासा बालपणाच्या आठवणीत थोडा आणि त्यांच्या बांधणीत पुष्कळ आहे.

२३ जून १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडो ६४ हे यंत्र आलं आणि त्याच्यासोबतच ‘सुपर मारिओ ६४’. त्रिमितीय उड्यांचे प्रयोग त्याआधीही झाले होते. पण शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जग रचण्याआधी मारिओचं चालणं-पळणं घडवलं. एका साध्या जागेत त्याला सशामागे पळवून पाहिलं. नुसतं पळण्यातच गंमत आली पाहिजे, बाकीचं मग, असा तो हिशेब. स्टिक जराशी ढकलली की मारिओ चवड्यांवर चालतो, पूर्ण ढकलली की सुसाट सुटतो. लागोपाठ तीन उड्या मारल्या तर तिसरी सर्वांत उंच जाते. गेम सुरू होतो त्या किल्ल्याबाहेरच्या हिरवळीवर ना शत्रू, ना वेळेचं बंधन. झाडावर चढा, खंदकात पोहा, कोलांट्या मारा; कोणी हटकत नाही.

किल्ल्याची रचना जुन्या वाड्यासारखी आहे: मधे चौक, भोवती खोल्या, काही दारांना कुलपं. खोल्यांतल्या चित्रांत उडी घेतली की पलीकडे बर्फाचे डोंगर, लाव्हा, बुडालेलं गाव. अशी १५ जगं आणि एकूण १२० तारे. शेवटच्या लढाईपर्यंत पोचायला मात्र ७० पुरतात. उरलेले ५० निव्वळ हौसेचे. एक तारा जमला नाही तर तो सोडून दुसऱ्या चित्राकडे वळता येतं. अडून बसावं लागत नाही, हा या खेळाचा मोठा मनमोकळेपणा.

त्याच वर्षी नॉटी डॉग या अमेरिकन कंपनीचा ‘क्रॅश बँडिकूट’ प्लेस्टेशनवर आला. त्याची वाट अरुंद, बहुतेक वेळ समोर पळायचं आणि प्रत्येक उडी मोजूनमापून. १९९८मध्ये इन्सॉम्नियाकचा ‘स्पायरो द ड्रॅगन’ आला. छोट्या जांभळ्या ड्रॅगनला उंचावरून तरंगत सोडायचं, खाली हिरवे माळ पसरलेले, आणि संगीत ‘द पोलीस’ या बँडचे ड्रमवादक स्टुअर्ट कोपलंड यांचं. त्याच वर्षी इंग्लंडच्या रेअर कंपनीने ‘बँजो-काझुई’ काढला. ग्रँट कर्कहोप यांनी त्याच्या संगीतात एक नामी युक्ती केली. चेटकिणीच्या गुहेत आपण ज्या जगाच्या दाराजवळ जाऊ, त्या जगाला शोभणारी वाद्यं त्याच चालीत मिसळत येतात. नकाशा न पाहता, नुसत्या कानाने कळतं की आपण कुठे आहोत. जागा पाठ होणं आणि चाल पाठ होणं, दोन्ही एकदमच घडतं.

बँजोच्या नऊ जगांत प्रत्येकी १०० सूर गोळा करायचे असतात. संसारातली आणि ऑफिसातली कामं कधी संपलीशी वाटत नाहीत. इथे शंभरावा सूर मिळाला की त्या जगातलं ते काम खरोखर संपतं. ते कोणी परत उकरून काढत नाही. अर्थात यालाही मर्यादा आहे. रेअरच्याच १९९९च्या ‘डाँकी काँग ६४’मध्ये पाच माकडं आणि प्रत्येकाची केळी वेगळ्या रंगाची. एकाच रस्त्याने माकड बदलून पुन्हा पुन्हा जायचं. हौसेची हमाली झाली.

२००१नंतर वारं फिरलं. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ने मोठी शहरं, मोटारी आणि बंदुका यांची चटक लावली. त्याच वर्षी ‘जॅक अँड डॅक्स्टर’ काढणाऱ्या नॉटी डॉगने २००३च्या दुसऱ्या भागात जॅकच्या हातात बंदूक दिली. २००२मध्ये रेअर मायक्रोसॉफ्टकडे गेली आणि २००८च्या बँजोमध्ये उड्यांची जागा वाहनं बनवण्याने घेतली. मारिओ तेवढा टिकून राहिला. २००७च्या ‘गॅलेक्सी’त तर तो चिमुकल्या ग्रहांना पायीच प्रदक्षिणा घालू लागला.

मग आलं २०१७. रेअरमधून बाहेर पडलेल्या मंडळींचा ‘यूका-लेली’, वर्गणीतून उभा राहिलेला ‘अ हॅट इन टाइम’, ‘सुपर मारिओ ओडिसी’ आणि क्रॅशच्या पहिल्या तीन भागांचा नवा अवतार ‘एन. सेन ट्रिलजी’, सगळे एकाच वर्षात. यातला क्रॅश आपल्या प्रश्नासाठी फार बोलका आहे. त्याची चित्रं पूर्णपणे नवी होती. अंगावरचे केस मोजता यावेत इतकी. त्यांचं कौतुकच झालं. पण पहिल्या भागातली उडी वेगळी लागते, कडेवरून पाय सटकतो, अशी कुरकुर जुन्या खेळाडूंनी लगेच सुरू केली. तिन्ही भागांची हाताळणी मुख्यतः मूळ तिसऱ्या भागावर बेतली होती, हे प्रकाशकांनीही सांगितलं. डोळ्यांनी नवं रूप आनंदाने स्वीकारलं. अंगठ्याने नवी उडी स्वीकारली नाही.

आपल्याकडचा पुरावाही याच बाजूने जातो. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत मारिओ आला तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांतून, कॅसेट फुंकून लावत, डावीकडून उजवीकडे पळणारा सपाट मारिओ. निन्टेंडो ६४ फारच थोड्या घरांत पोचला. कित्येकांना त्रिमितीय मारिओ भेटला तो पुढे, कॉम्प्युटरवरच्या एम्युलेटरमधून, मिसरूड फुटल्यावर. म्हणजे बालपणाची आठवण त्यात नाहीच. तरी ही माणसं त्या हिरवळीवर तितकीच रमतात.

२०२४च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला तो तोक्योच्या टीम असोबीचा ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’. तो आज पहिल्यांदा हातात घेणाऱ्या मुलाला १९९६शी काही देणंघेणं नाही. त्याला आवडते ती हाताला अचूक जुळणारी उडी, पाठ होण्याजोगं छोटं जग आणि पूर्ण होणारं काम. मोठ्यांना जुन्या गेमकडे ओढून नेतं तेही हेच. आठवण त्यावर नंतर चढते. म्हणून जुना गेम नव्याने करणाऱ्याने चित्रं खुशाल बदलावीत, संगीतही हवं तर नव्याने वाजवावं. उडीला हात लावण्याआधी मात्र दहादा विचार करावा.