मृत्युतिथी आणि वाङ्मय : वध, खून आणि बलिदान यांच्या स्मरणाची परिभाषा

छत्रपती संभाजी महाराजांचा देहान्त शके १६१० च्या फाल्गुन वद्य अमावास्येस झाला. या तिथीची इंग्रजी तारीख इतिहासग्रंथांतून ११ मार्च १६८९ अशी दिली जाते. ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेतील आहे. इंग्लंडने ग्रेगोरियन गणना १७५२ मध्ये स्वीकारली आणि तत्पूर्वीच्या मराठी इतिहासाच्या तारखा जंत्रीकारांनी बहुधा जुन्या गणनेनेच दिल्या. आज प्रचलित असलेल्या गणनेप्रमाणे ती अमावास्या २१ मार्च १६८९ रोजी पडते. परिणामी ११ मार्च रोजी स्मृतिदिन पाळणारे आणि फाल्गुन अमावास्येस पाळणारे असे दोन वर्ग निर्माण झाले. ११ मार्चचा आग्रह धरणाऱ्यांच्या हाती त्या दिवसाची केवळ जुनी संज्ञा असते, प्रत्यक्ष सौर दिवस दहा दिवसांनी पुढे गेलेला असतो. शिवजयंतीच्या वादात हाच घोळ १९ फेब्रुवारी या तारखेबाबत आहे, हे सर्वपरिचित आहे.

हा प्रश्न केवळ कालगणनेचा असता तर तो इतिहाससंशोधकांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु तिथीला तारखेपेक्षा वेगळा अर्थ चिकटतो. फाल्गुन अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा येतो. वर्षातील सर्वांत मंगल मानल्या गेलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी राजाचा वध व्हावा, या योगायोगात कल्पनाशक्तीला मोठे आवाहन आहे. पाडव्याची गुढी याच घटनेपासून सुरू झाली, असे प्रतिपादन अलीकडच्या काळात वारंवार केले जाते. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे प्रतिपादन तपासणे अवघड नाही. ‘गुढी’ हा शब्द आणि गुढी उभारण्याची प्रतिमा ज्ञानेश्वरीत आहे, महानुभावांच्या गद्यात आहे, पुढे संतांच्या अभंगांतही ती सातत्याने येते. म्हणजे १६८९ च्या आधी किमान चारशे वर्षे ही प्रतिमा मराठी भाषेत रुळलेली होती. तरीही मूळ प्रतिपादन खोटे ठरवून अभ्यासकाचे काम संपत नाही. असे प्रतिपादन लोकांना पटते का, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. दोन दिवसांचे सान्निध्य कार्यकारणभावात रूपांतरित होणे ही लोककथेची जुनी रीत असून मृत्युतिथीभोवती ती विशेष वेगाने काम करते. सांगली-कोल्हापूर परिसरात फाल्गुन महिनाभर ‘बलिदान मास’ पाळण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यातही एका तिथीचे महिन्यात विस्तारणे दिसते. व्रतवैकल्यांचा आकृतिबंध येथे इतिहासाला मिळाला आहे.

येथे परिभाषेचा विचार आवश्यक ठरतो. माणसाला ठार मारण्याच्या क्रियेसाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांतील एकही तटस्थ नाही. ‘वध’ या शब्दात मारणाऱ्याचे समर्थन गृहीत असते. कीचकाचा वध होतो, कंसाचा वध होतो, अफझलखानाचाही वधच होतो. ‘खून’ हा फारसीतून आलेला शब्द मुळात रक्ताचा वाचक. तो न्यायालयाच्या भाषेत स्थिरावला. ‘हत्या’ या शब्दामागे ब्रह्महत्या, गोहत्या, स्त्रीहत्या यांची धर्मशास्त्रीय पातकांची परंपरा उभी आहे. म्हणूनच ३० जानेवारी १९४८ च्या घटनेस ‘गांधीहत्या’ म्हणणारा आणि ‘गांधीवध’ म्हणणारा लेखक यांची भूमिका पहिल्या शब्दातच प्रकट होते, पुढील पाने वाचण्याची गरज उरत नाही. मृत व्यक्तीच्या बाजूने पाहिले तर ‘पुण्यतिथी’, ‘स्मृतिदिन’, ‘बलिदानदिन’, ‘हौतात्म्यदिन’ अशी चढती श्रेणी लागते. पुण्यतिथी कोणाही सत्पुरुषाची असू शकते, तीत मृत्यूच्या प्रकाराचा निर्देश नसतो. बलिदान आणि हौतात्म्य हे दोन्ही शब्द मात्र यज्ञसंस्थेतून आलेले आहेत. त्यांत मृत्यू हा दुसऱ्याने केलेला अन्याय न राहता मरणाऱ्याने स्वेच्छेने दिलेली आहुती ठरतो. मारणाऱ्याला दिलेले कर्तेपण या शब्दांनी काढून घेतले जाते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडलेल्यांना ‘हुतात्मे’ म्हटले जाते आणि २१ नोव्हेंबर हा त्यांचा दिवस ठरतो. त्यांपैकी कित्येकांना आपण त्या दिवशी मरणार याची कल्पनाही नसेल. शब्दाने त्यांना ती निवड मरणोत्तर बहाल केली.

अफझलखानाच्या वधाची तिथी, मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, ‘शिवप्रतापदिन’ म्हणून साजरी होते. एकाच्या मृत्यूचा दिवस दुसऱ्याच्या पराक्रमाच्या नावाने ओळखला जावा, हे शब्दयोजनेचे आणखी एक उदाहरण.

संभाजी महाराजांच्या बाबतीत या परिभाषेचा प्रवास वाङ्मयात स्पष्टपणे पाहता येतो. फेब्रुवारी १६८९ च्या आरंभी संगमेश्वर येथे ते पकडले गेले. त्यांना पकडणारा मुकर्रबखान कोल्हापूर-पन्हाळ्याच्या परिसरातूनच सह्याद्री ओलांडून गेला होता, ही गोष्ट कोल्हापूरच्या वाचकास ठाऊक असावी. साकी मुस्तैदखान, खाफीखान, भीमसेन सक्सेना, ईश्वरदास नागर यांच्या फारसी ग्रंथांत या घटनेची दखल आहे. मराठीत जेधे शकावलीसारख्या साधनात ती मोजक्या शब्दांत येते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीसाने लिहिलेल्या बखरीत मात्र व्यसनी आणि क्रूर राजाची व्यक्तिरेखा तपशिलाने उभी राहिली. हा बखरकार बाळाजी आवजी चिटणीसाच्या वंशातला होता आणि बाळाजी आवजीला १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनीच देहान्ताची शिक्षा दिली होती. वा. सी. बेंद्रे यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी या संबंधाकडे लक्ष वेधले आहे. एका शिक्षेची आठवण घराण्यात सव्वाशे वर्षे टिकली आणि तिने दुसऱ्या मृत्यूच्या वर्णनाला आकार दिला, असे येथे म्हणता येते. ज्या मृत्यूला उत्सव लाभत नाही त्याची स्मृती नष्ट होत नाही, ती बखरीत शिरते.

नाटककारांना बखरीतील राजा सोयीचा होता, कारण स्खलन आणि उदात्त मरण या दोन टोकांत शोकात्मिकेची सामग्री आयतीच सापडते. गडकऱ्यांचे अपूर्ण राहिलेले ‘राजसंन्यास’ आणि वि. ह. औंधकरांचे ‘बेबंदशाही’ (१९२४) ही याची ठळक उदाहरणे. बेंद्रे यांचा ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला, डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ त्यानंतर आला आणि कोल्हापुरातून डॉ. जयसिंगराव पवार यांनी ‘छत्रपती संभाजी स्मारक ग्रंथ’ संपादित केला. या संशोधनाचा परिणाम ललित वाङ्मयावर एकदम झाला नाही. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) मध्ये पिता-पुत्रांचा संघर्ष केंद्रस्थानी आहे; ‘इथे ओशाळला मृत्यू’ या त्यांच्याच पुढील नाटकात शीर्षकापासूनच मृत्यू हा नायकाच्या मोठेपणाचा साक्षीदार होतो. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने (१९७९) सामान्य वाचकाच्या मनातील संभाजी कायमचा बदलला. तेव्हापासून ललित वाङ्मयात शेवटच्या चाळीस दिवसांना आयुष्याच्या बत्तीस वर्षांपेक्षा अधिक वजन आले. मृत्युतिथी चरित्राचे केंद्र झाली की आधीचे आयुष्य तिची पूर्वतयारी म्हणून वाचले जाते. हा लाभ म्हणावा की तोटा, याबद्दल मतभेद होऊ शकतात. ‘बुधभूषण’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता म्हणून संभाजी महाराजांचा विचार त्या मानाने फारच थोडा होतो. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा ‘राजसंन्यास’मधील चित्रणाच्या निषेधार्थ हटवला गेला. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या अपुऱ्या नाटकाला असे उत्तर मिळाले, यावरून या स्मृतीचे वाङ्मयाशी असलेले नाते किती ताणलेले आहे हे दिसते.

त्याच दिवशी, त्याच ठिकाणी मरण आलेल्या कवी कलशाची तिथी वेगळी कोणी पाळत नाही. बखरींनी त्याचे ‘कलुषा’ केले आणि ते नाव कारस्थानी माणसाचा पर्याय म्हणून भाषेत राहिले. राजासोबत छळ सोसून मेलेल्या कवीवर केवळ एका स्वरबदलाने केलेला हा अन्याय ललित लेखकांनी दूर करण्याचा प्रयत्न केला, पण म्हणी आणि शेरे कादंबऱ्यांपेक्षा चिवट असतात.

नारायणराव पेशव्यांचा खून याच्या नेमका उलट आहे. ३० ऑगस्ट १७७३, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे अनंत चतुर्दशीचा आदला दिवस. शनिवारवाड्यात, ऐन गणेशोत्सवात, गारद्यांनी पेशव्याला मारले. तिथी लक्षात राहण्याजोगी, प्रसंग नाट्यमय, मृत तरुण आणि निरपराध. तरीही नारायणरावाचा स्मृतिदिन मराठी सार्वजनिक जीवनात रुजला नाही. त्याऐवजी ‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार राहिला, वाड्यात रात्री ऐकू येणाऱ्या हाकेची दंतकथा राहिली, आणि रामशास्त्र्यांनी राघोबाला सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त राहिले. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तही (१९०९) न्यायाधीशाचा निर्भयपणा हाच स्मरणाचा विषय ठरतो. नारायणरावाला मारणारे घरातले होते. त्याच्या मृत्यूतून कोणत्याही समूहाला स्वतःचा अभिमान उभा करता येत नाही, आणि स्मृतिदिनाला मृताइतकीच वारसदारांची गरज असते.

स्मरणाचा उत्सव कधी कधी स्वतःच पुराव्याचे रूप घेतो. जून १८९७ मध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकोत्सवात अफझलखानाच्या वधाच्या नैतिकतेवर भाषणे झाली. त्यांचा वृत्तान्त १५ जूनच्या ‘केसरी’त आला. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवी समारंभानंतर, चाफेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्यात ‘वध’ या शब्दाच्या अर्थाची चर्चा न्यायालयात झाली, हे मराठी शब्दार्थविचाराच्या इतिहासातील एक गंभीर प्रकरण मानले पाहिजे. दामोदर चाफेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी दिली गेली. तुरुंगात त्यांनी लिहिलेले आत्मवृत्त उपलब्ध आहे. मारणारा आणि पुढे स्वतः मारला जाणारा मनुष्य आपल्या कृत्याला कोणते शब्द वापरतो, यासाठी ते पुन्हा वाचण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये पहिल्या चार्ल्सचा ३० जानेवारी १६४९ रोजी शिरच्छेद झाला. राजेशाही परतल्यावर त्या दिवसासाठी प्रार्थनापुस्तकात खास उपासना घालण्यात आली आणि ती १८५९ पर्यंत चालू राहिली. दरवर्षी त्या दिवशी द्यावयाचे प्रवचन हा एक वाङ्मयप्रकारच बनला. मराठीत या जागी पोवाडा, व्याख्यानमाला आणि वृत्तपत्रांची स्मृतिविशेष पाने आहेत. त्यांचा वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यास फारसा झालेला नाही.

कोल्हापूरपुरते पाहिले तर पाळल्या जाणाऱ्या दिवसांइतकेच न पाळले जाणारे दिवसही बोलके आहेत. ३१ जुलै १८५७ रोजी येथील २७ व्या पलटणीने उठाव केला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शहरात दुसरा उठाव झाला आणि पकडलेल्यांना देहान्ताच्या शिक्षा झाल्या. चिमासाहेबांना कराचीस नेऊन ठेवले गेले व तेथेच त्यांचा अंत झाला. चिमासाहेबांचे नाव स्मरणात आहे, शिक्षा झालेल्या शिपायांना मात्र तिथी नाही. ३० जानेवारी हा देशभर हुतात्मा दिन आहे. पण या जिल्ह्यात आणि शेजारच्या सातारा-सांगली भागात त्या दिवसाला जोडून जाळपोळीची दुसरी आठवण आहे. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ तेव्हा जळाला. त्या आठवणीला सार्वजनिक दिवस नाही, व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी आहे. आपल्या सोयीच्या मृत्यूचा दिवस समाज पाळतो आणि गैरसोयीच्या आठवणीसाठी कादंबरीकाराला मोकळा सोडतो, असा हा अनुभव आहे.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून परतताना कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. २० फेब्रुवारीस त्यांचे निधन झाले. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली होती. ‘वीस तारीख’ या दोन शब्दांना त्यामुळे येथील सार्वजनिक भाषेत विशिष्ट अर्थ आला. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाड येथे कन्नड वचन साहित्याचे अभ्यासक म. म. कलबुर्गी मारले गेले. पानसरे यांचा स्मृतिदिन तारखेप्रमाणे येणाऱ्या शिवजयंतीच्या दुसऱ्याच दिवशी येतो. १९८७ मधील ज्या भाषणातून ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका तयार झाली, तिचे वाचन त्यामुळे आता लागोपाठच्या दोन दिवसांच्या संदर्भात होते : एक जन्माचा, दुसरा हत्येचा. या दुसऱ्या दिवसासाठी ‘वध’ हा शब्द कोणी वापरलेला नाही. ‘बलिदान’ की ‘खून’, याबाबत मात्र स्मरण करणाऱ्यांतही एकवाक्यता नाही. बलिदान म्हटले की मृत्यूला अर्थ लाभतो. खून म्हटले की आरोपी, साक्षी आणि निकाल यांची मागणी जिवंत राहते.