ऐकून घेतलेला इतिहास

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, ॲपलाचियन डोंगररांगांत, रेबन नावाचा एक लहानसा परगणा आहे. १९६६ साली तेथील एका शाळेत इलियट विगिंटन हा तरुण शिक्षक इंग्रजी शिकविण्यासाठी रुजू झाला. वर्गाने त्याला मुळीच जुमानले नाही. एका विद्यार्थ्याने तर त्याच्या समोरचे व्याख्यानाचे मेजच पेटवून पाहिले. अखेर पाठ्यपुस्तक बाजूस सारून मुलांनीच एक नियतकालिक काढावे, असा तोडगा निघाला. कुजक्या लाकडावर वाढणाऱ्या व अंधारात मंद प्रकाशणाऱ्या बुरशीस त्या भागात 'फॉक्सफायर' म्हणतात. तेच नाव नियतकालिकास मिळाले. १९६७ साली निघालेल्या पहिल्या अंकात एका निवृत्त शेरिफने सांगितलेली बँकेवरील दरोड्याची हकीकत होती. शाळेच्या भित्तिपत्रकातही अशी हकीकत शोभली असती. परंतु ती मिळविण्यासाठी मुलांना एका वृद्ध माणसासमोर बसून त्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे लागले, आणि पुढील सर्व घडामोडींचे मूळ तेथेच आहे.

वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदविण्याचे जे उपक्रम आज विद्यार्थ्यांकडून करून घेतले जातात, त्यांत आणि 'फॉक्सफायर'मध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. कोणाकडे जावयाचे, काय विचारावयाचे, ध्वनिफितीवरील बोलणे कसे उतरवावयाचे, काय गाळावयाचे, वर्गणीदारांना पत्रे कोणी लिहावयाची, ही सारी कामे तेथे मुलेच करीत. एका तासाचे बोलणे शब्दशः उतरविण्यास पाच-सहा तास सहज लागतात. हे कष्ट ज्याने स्वतः उपसले, त्यालाच सांगणाऱ्याच्या एखाद्या थांबण्याचा अर्थ कळतो. आयत्या प्रश्नावलीवर उत्तरे भरून आणणाऱ्याला तो कळणे शक्य नाही.

'आन्ट एरी' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या एरी कार्पेंटर या बाईंचे उदाहरण घेण्याजोगे आहे. ऐंशी ओलांडलेल्या या बाई डोंगरातील लाकडी घरात एकट्या राहत. मुले प्रथम त्यांच्याकडे गेली तेव्हा त्या डुकराचे मुंडके साफ करीत होत्या आणि त्याचे डोळे काही केल्या निघत नव्हते. मुले मदतीला बसली, आणि हात कामात असतानाच बोलणे सुरू झाले. समोर वही उघडून 'आपल्या जीवनाविषयी काही सांगा' असे म्हटले असते तर त्या बाईंनी बहुधा चार वाक्यांत पाहुण्यांची बोळवण केली असती.

या अंकांतील निवडक मजकुराचे पुस्तक १९७२ साली प्रसिद्ध झाले. ओंडक्यांचे घर कसे बांधावे येथपासून चोरटी दारू कशी गाळतात येथपर्यंत सारे त्यात होते, आणि पुढे त्याची मालिकाच निघाली. मिळालेल्या मानधनातून डोंगरावर जमीन घेऊन विद्यार्थ्यांच्या श्रमाने जुन्या घरांचे संग्रहालय उभे राहिले. या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९२ साली विगिंटन याने बाललैंगिक अत्याचाराचा गुन्हा न्यायालयात कबूल केला व त्याचा या कार्याशी असलेला संबंध संपला. त्या घटनेची झाकपाक करण्याचे कारण नाही. मुलांना वडीलधाऱ्यांच्या हाती सोपविणाऱ्या प्रत्येक उपक्रमात देखरेख किती हवी, हे तिने दाखविले. नियतकालिक मात्र बंद पडले नाही. तेथील विद्यार्थ्यांच्या नव्या पिढ्या ते पुढे चालवीत राहिल्या.

आपल्याकडे प्रकल्प म्हटला की प्रकल्पवही आठवते, आणि ती आयती विकत मिळते हे कोणा शिक्षकास सांगावयास नको. तथापि विषयांची वाण मात्र नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली स्त्री महाराष्ट्रातील बहुसंख्य गावांत अजून भेटेल. तिला 'दुष्काळाचा अनुभव सांगा' म्हटले तर 'लई वाईट दिवस होते' एवढेच उत्तर येईल. पण तान्हे मूल कामावर कोणाजवळ ठेवीत, मजुरी किती दिवसांनी हाती पडे, सुकडी कोण वाटी, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी थापताना तुटत असे काय, असे विचारणाऱ्यासमोर ती तासभर बोलेल. सरकारी अहवालात मजुरांची संख्या सापडते. त्या मुलाची व्यवस्था कशी होत असे ते बहुधा सापडत नाही.

स्मृतीवर विसंबता येत नाही, हा इतिहासाच्या प्राध्यापकांचा आक्षेप रास्त आहे. इटलीतील तेर्नी या पोलाद कारखान्यांच्या गावी लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९४९ साली नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनाच्या वेळी पोलिसांच्या गोळीने मरण पावला. परंतु संशोधक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना अनेक कामगारांनी हा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात झाल्याचे सांगितले. तारीख चुकली हे खरेच. पण पोर्तेल्ली यांनी चूक खोडली नाही. ती का झाली, हा प्रश्न विचारला. १९४९ साली साथी गमावूनही आपण गप्प राहिलो, हे शल्य त्या कामगारांना पुढील मोठ्या लढ्याशी तो मृत्यू जोडण्यास भाग पाडीत होते. विद्यार्थ्याने कागदपत्रांशी ताडून पाहावे. मात्र सांगणाऱ्याचे वाक्य परस्पर दुरुस्त करू नये. त्याची बोली 'शुद्ध' करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. आपल्या मराठीच्या शिक्षकांना हे जड जाईल!

मुंबईच्या गिरणगावाबद्दल नीरा आडारकर व मीना मेनन यांनी अनेक जणांशी बोलून २००४ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यावरून एका वस्तीच्या बोलण्यातून काय उभे राहू शकते याची कल्पना येते. तेवढी झेप महाविद्यालयीन मुलांनी घ्यावी, अशी अपेक्षा नाही. पण परवानगी विचारून ध्वनिमुद्रण करणे, लिहून काढलेला मजकूर सांगणाऱ्याला परत जाऊन वाचून दाखविणे, तो नको म्हणेल ते गाळणे, आणि एक प्रत त्याच्या घरी व एक गावच्या वाचनालयात ठेवणे, एवढे कोणत्याही वर्गाला जमण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रणाची सोय तर आता प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्येच आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली तेव्हा जे दहा-बारा वर्षांचे होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत. मराठवाड्यातील एखाद्या महाविद्यालयाने यंदाच्या दिवाळीच्या सुटीत अशा पाच जणांकडे आपले विद्यार्थी धाडावेत, आणि त्यांना गुण किती द्यावयाचे हे नंतर ठरवावे.