मलप्याच्या समुद्रातील पाषाणस्तंभ

व्यापाऱ्याचे वर्ष हंगामाच्या चक्राबरोबर फिरत असते. मालाची खरेदी, वखारीची भरती, वसुली आणि हिशेब यांतून जे चार दिवस उरतात ते बहुधा तीर्थयात्रेच्या वाट्याला येतात. आपल्या बेळगाव-निपाणी भागातील अनेक कुटुंबे अशा वेळी दक्षिणेकडे मूडबिद्री, वेणूर आणि कारकळ येथे जातात. कारकळ येथे इ. स. १४३२ मध्ये प्रतिष्ठापित झालेल्या सुमारे ४२ फूट उंचीच्या बाहुबलींच्या मूर्तीचे दर्शन घेऊन मंडळी परतीच्या वाटेला लागतात. परंतु तेथून उडुपीमार्गे सुमारे पंचेचाळीस किलोमीटरांवर मलपे बंदर आहे, आणि त्याच्या समोरच्या समुद्रात निसर्गाने उभारलेले एक अद्भुत पाषाणशिल्प आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. यात्रेत आणखी एक दिवस वाढवून ते अवश्य पाहावे.

मलपे हे कर्नाटकातील मासेमारीचे मोठे बंदर. येथून यांत्रिक होडीने सुमारे सहा किलोमीटर गेले की सेंट मेरी बेटांचा समूह येतो. स्थानिक लोक त्यास तोंसेपार असेही म्हणतात. इ. स. १४९८ मध्ये वास्को द गामा येथे उतरला व त्याने हे नाव दिले, अशी परंपरागत समजूत आहे. नारळ बेट, उत्तर बेट, दर्याबहादूरगड आणि दक्षिण बेट ही यांतील चार प्रमुख बेटे. प्रवासी उतरतात ते नारळ बेटावर. बेटावर मनुष्यवस्ती नाही. दुरून प्रथम माडांचे शेंडे दिसतात आणि होडी जवळ येताच त्यांच्या पायथ्याचे काळसर खांब स्पष्ट होऊ लागतात.

बेट लहान आहे, तरी ते सावकाश पायी हिंडावे. एका अंगास वाळूऐवजी शंखशिंपल्यांचा खच पडलेला असून पायाखाली त्यांचा चुरचुर आवाज होतो. दुसरीकडे एकास एक चिकटून उभे असलेले बहुकोनी स्तंभ आहेत. कोणी पाच बाजूंचे, कोणी सहा, कोणी सात. त्यांतील उंच स्तंभ सुमारे सहा मीटरांचे आहेत. कुशल पाथरवटाने टाकीने घडवून रचून ठेवावेत असे ते दिसतात. परंतु मानवी हाताचा त्यांना स्पर्शही झालेला नाही.

हे घडले कसे? आपल्याकडील काळ्या रानात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा आठवाव्यात. ओल गेली की माती आकसते आणि जमीन बहुकोनी ढेपांत फाटते. येथे मातीच्या जागी तप्त शिलारस होता. तो थंड होताना आकसला, पृष्ठभागावर भेगा पडल्या, आणि थंडावा जसजसा आत उतरला तसतशा त्या भेगाही खोल जाऊन स्तंभ सुटे झाले. ही घटना साडेआठ ते नऊ कोटी वर्षांपूर्वीची. त्या काळी मादागास्कर बेट भारताला जोडलेले होते. ते विलग होताना जी उलथापालथ झाली, तिच्याशी भूशास्त्रज्ञ या खडकांचा संबंध लावतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने हे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे.

आपला प्रदेशही अग्नीचेच अपत्य आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. निपाणीच्या परिसरातील कातळ त्या दुसऱ्या, नंतरच्या उद्रेकाचा. तो झिजून काळी जमीन झाली. त्या जमिनीत तंबाखू पिकला आणि त्या तंबाखूवर निपाणीची पेठ उभी राहिली. असे स्तंभ पाहण्यासाठी समुद्रच गाठावा लागतो असेही नाही. पन्हाळा तालुक्यातील बांदिवडे येथे व मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवरही ते आढळतात. परंतु लाटांच्या सान्निध्यातील त्यांची शोभा काही आगळीच.

जाणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने होड्या बंद असतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. शेवाळलेल्या दगडांवरून पाय घसरतो आणि खडकांमधील पाणी फसवे असते, म्हणून मुलांना हाताशी धरावे व पोहण्याचा मोह टाळावा. मुक्कामाची सोय नसल्याने परतीची होडी चुकवू नये. बरोबर नेलेले डबे, कागद आणि पिशव्या परत आणाव्यात.

आणि एक विनंती. आठवण म्हणून दगडाचा तुकडा काढण्याची इच्छा पुष्कळांना होते. खर्ची पडलेले व्याज पुन्हा मिळवता येते. मुद्दल गेले की पेढी बुडते, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको. हे स्तंभ पृथ्वीचे मुद्दल आहे. एक टवका उडाला तर तो भरून देणारा सावकार कोठेही नाही. हा हिशेब आपल्या मुलांना त्या स्तंभांसमोर उभे करून समजावून द्यावा. सहलीचा खर्च तेवढ्यानेच वसूल होईल.